रोज एक आनंदाचा क्षण टिपताय? मग या चुका टाळा

माझी सवय पहिल्यांदा मोडली ती ओहोटीमुळे. ठरवलं होतं, सकाळी पाणी उतरलं की मालवणच्या किनाऱ्यावर एक फेरी मारायची आणि बरं वाटलेली एक तरी गोष्ट मनाशी धरायची. पण ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. सातची ओहोटी आठवड्याभरात पाऊण वाजेपर्यंत गेली. त्या उन्हात वाळूत कोण चालणार? शेजारच्या काकी हसल्या, "दर्या काय तुझा घड्याळ बघून येतलो?"

तेव्हा अशा सरकत्या वेळेला सवय बांधू नका. घरात जे रोज होतंच त्याला बांधा. पहिला चहा, तिन्हीसांजेचा दिवा, नाहीतर एसटीची वाट बघणं. मी चहा उकळेपर्यंतचा वेळ धरलाय.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात. ढोबळ नोंद. "आज समुद्र छान होता" असं तीन दिवस लिहिलंत की चौथ्या दिवशी वही उघडवत नाही, कारण समुद्र रोजच छान असतो. त्यापेक्षा जवळ जा. तव्यावर घावनाचं पीठ पडलं, चर्र झालं, बघता बघता जाळी पडली, आणि आईने झाकण काढताच वाफ तिच्या चष्म्यावर बसली. एवढं पुरे. काहीच सुचत नसेल तर डोळ्यांना सुट्टी द्या आणि नाकाला कामाला लावा. सुरंगीच्या फुलांचे दिवस असतील तर त्यांचा वळेसर, म्हणजे गजरा, घातलेली बाई एसटीत चढल्याचं मागच्या बाकापर्यंत कळतं.

मोबाईल लगेच काढणं ही माझी जुनी खोड. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली, त्यात पेडवे मासे चमकले आणि मी फोटो काढत बसलो. फोटो आहे, पण ओढणाऱ्यांची हाळी कशी होती ते आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहालयातल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. आधी पोटभर बघा, मग काढा फोटो.

घरात आजारपण असेल, कुणी गेलं असेल, तर ओढूनताणून आनंद शोधू नका. त्या दिवशी नुसता चहा प्या. आठवडेच्या आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर ते या सवयीचं काम नाही. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर मोफत आहे.

राहता राहिला खाडा. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखाद्या दिवसाच्या खाड्याने मात्र फारसं बिघडलं नाही. मी गणपतीत सलग चार दिवस विसरलो. पाचव्या दिवशी टोपापाशी उभा राहिलो, तर चहा उतू गेला तरी काही सुचेना. सहाव्या दिवशी आलं ठेचल्याचा वास आला.