मुलांच्या गॅदरिंगचे कपडे शिवताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या लालबागच्या चाळीत रात्री आठनंतर माझ्या दारावर टकटक सुरू होते. आईच्या हातात पिशवी, पिशवीत अर्धवट कापलेला कपडा आणि मागे रडवेलं पोर. "आजी, उद्या सकाळी गॅदरिंग आहे हो!"

१९८२ च्या संपात ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा जुनं पायमशीन घेऊन मी ब्लाउज शिवायला बसले. तेव्हापासून हात थांबलेला नाही. इतक्या वर्षांत दारात आलेले कपडे वेगवेगळे होते, कधी मावळा, कधी कोळीण, कधी सावित्रीबाई. चुका मात्र त्याच त्याच. त्या बघून जीव तुटतो, म्हणून लिहून काढते आहे.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, न ठेवणं. कापड वाचवायला म्हणून खडूच्या रेघेवरच कात्री चालवतात. अहो, शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही. मुलांच्या कपड्याला दोन्ही बाजूंच्या शिलाईत मी एकेक इंच माया ठेवते आणि खालच्या दुमडीत तीन इंच. तयार पोशाख घेतलात तर दुकानातच उलटा करून बघा. आत पाव इंचावर कापून कडेला ओव्हरलॉकची गुंफण मारलेली असेल तर तो पोशाख अर्धा इंचसुद्धा सैल होणार नाही. बाहेरच्या लेसवर भुलू नका, आतली शिलाई बघा.

दुसरी चूक माझ्याच घरात झाली, ती सविस्तर सांगते. नातवाला वासुदेव व्हायचं होतं. सुनेनं तयार झगा आणला, पांढरा, घोळदार, दिसायला छान. आदल्या रात्री साडेआठला पोराला घातला. हात खाली असताना सगळं ठीक, पण चिपळ्या वाजवायला हात वर केले तशी काखेत टर्रकन शिलाई गेली. वासुदेवाचे हात खाली राहून कसं चालेल? एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातात टाळ, वर गिरकी घ्यायची.

मी देवळात गेले होते. मुंढा, म्हणजे बाही अंगाला जोडतात ती गोलाई, घट्ट आहे असं वाटून सुनेनं बाही अर्धी उसवली, मुंढा दीड इंच खाली कापला आणि टाके घालून बाही परत लावली. मी आले तेव्हा पोरगं रडत होतं. आता हात खांद्याच्यासुद्धा वर जाईना. हात उचलला की अख्खा झगा गुडघ्यापर्यंत वर यायचा. सून म्हणाली, "आई, मोठा केला तर आणखी घट्ट कसा झाला हो?"

नवीन शिवणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकजण इथेच फसतो. मुंढा खाली गेला की बाही अंगाला काखेऐवजी बरगडीपाशी जोडली जाते. मग हात वर करताना सगळा कपडाच ओढला जातो. हात मोकळा हवा असेल तर मुंढा काखेच्या जवळच हवा आणि घेर बाहीत द्यायला हवा. घट्ट वाटलं की कात्री घेणं हा घाईचा उपाय. मला त्या घाईचा फार राग आहे, आणि त्या रात्री मी सुनेला तो बोलूनही दाखवला.

उपाय आमच्या सासूबाईंचा. त्या सदऱ्याला, बंडीला काखेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घालायच्या. एरवी मुलाला चार इंचांची पुरते, इथे मुंढा खाली गेलेला म्हणून मी साडेपाचाची घेतली, वर चारी बाजूंनी अर्धा इंच माया. गोधडीच्या गाठोड्यात पांढरा धुवट परकर होता, त्यातून दोन चौकोन कापले. बाहीची खालची शिलाई साडेपाच इंच उसवली, बाजूची साडेपाच इंच उसवली आणि चौकोन टोकावर उभा करून बसवला. एक टोक बाहीकडे, एक कमरेकडे, उरलेली दोन मुंढ्याच्या शिलाईवर, पुढे आणि मागे. कोपऱ्यापाशी शिलाई अर्धा इंच आधी थांबवायची, नाहीतर तिथे चुणी पडते. चौकोन सरळ धाग्यात कापला तरी अंगावर ओढ उरेबात, म्हणजे तिरकी पडते, म्हणून तो ताणतो आणि फाटत नाही.

रात्रीचे अकरा वाजले होते. भिंतीपलीकडे तान्हं बाळ झोपलेलं, म्हणून मशीन लावलं नाही. दोन्ही कळ्या हातटिपेनं, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन, घातल्या. बारीक हातटीप मशीनच्या टिपेला हार जात नाही, फक्त नुसत्या पुढे जाणाऱ्या धावदोऱ्यावर भागवू नका. पाऊण वाजता झोपलेल्या पोराला उठवून झगा घातला. त्यानं डोळे मिटलेलेच ठेवून दोन्ही हात सरळ वर केले. झगा जागचा हलला नाही. सून माझ्या गळ्यात पडली आणि माझा राग तिथेच संपला.

म्हणून माप घेताना पोराला नुसतं उभं करू नका. जे स्टेजवर करायचं आहे ते करायला लावा, बसायला, वाकायला, उडी मारायला. तेही दोन दिवस आधी.

मोरपिसं आणि लेस गरम गोंदानं चिकटवतात, तेही मला पटत नाही. त्याच झग्याच्या टोपीची पिसं मी एकेक करून दोऱ्यानं बांधली. गोंद सॅटिनवर डाग पाडतो, कडक होतो आणि नाचताना सुटतो. चार टाके घालायला कितीसा वेळ लागतो?

सॅटिनवर, नेटवर गरम इस्त्री थेट ठेवू नका, वर सुती रुमाल टाका. पॉलिस्टर क्षणात वितळतं.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. सुईखाली कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून पुन्हा ओवा. सॅटिनला ११ नंबरची सुई, पॉपलिनला १४. बोथट सुई फेकून द्या, तिच्यात जीव अडकवू नका.

मांजरपाट आणला तर भिजवून, वाळवून मगच कापा, तो आटतो. कापडाचं मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं, तेव्हा खरेदी शेवटच्या रविवारवर ढकलू नका.

गडद कापडावर खुणेसाठी मी अंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी वापरते. रेघ बारीक येते आणि धुतली की जाते.

लहान मुलीच्या शिवलेल्या नऊवारीला नाडी नको, नेफ्यात इलॅस्टिक घाला. शाळेत बाथरूमला जाताना गाठ सोडायला तिथे आई नसते. सेफ्टीपिना तर मुलांच्या अंगावर नकोतच, गर्दीत एक उघडली तरी पुरे. पिनेच्या जागी दोन हूक लावा, आणि बाईंच्या हातात ओवलेली सुई, पांढरा दोरा आणि छोटी कात्री देऊन ठेवा.