फॅट टायर ई-सायकल घ्यावी की साधी? दुकानात जायच्या आधी हे करून बघा

फॅट टायरवाली ई-सायकल दिसायला भारी असते यात वादच नाही, सिग्नलला थांबलात तर शेजारचा बुलेटवाला पण वळून बघतो. पण रोज ऑफिसला किंवा क्लासला जायला सायकल हवी असेल तर माझं मत आधीच सांगून टाकतो, शहरात बहुतेकांना साधी म्हणजे नेहमीच्या टायरची ई-सायकलच बरी, फक्त तिचे टायर जरा जाड बघून घ्या. तरी तुमचं गणित वेगळं असू शकतं, म्हणून खालच्या गोष्टी क्रमाने करा.

१. आधी रस्ता बघा, सायकल नंतर

रोजचा रस्ता डोळ्यासमोर आणा आणि त्यात डांबर किती, काँक्रीट किती, पेव्हर ब्लॉक किती, कच्चा मुरूम किती ते खरं खरं लिहा. वर्षातून दोनदा काशीदला जाता म्हणून वाळू लिहू नका. फॅट टायर म्हणजे साधारण ४ इंच रुंद आणि साध्या ई-सायकलचे असतात पावणेदोन ते सव्वादोन इंच. हे रुंद टायर मुळात अलास्कातल्या बर्फावर आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूत चालवायला लोकांनी खटपट करून बनवले, २००५ मध्ये सर्ली कंपनीने पग्सली नावाची सायकल काढली तेव्हा कुठे ते सरळ दुकानात मिळायला लागले. म्हणजे जिथे चाक रुततं तिथली ही गोष्ट. तुम्ही अलिबाग-मुरूड पट्ट्यात राहता, वाडीत जायला वाळूची वाट आहे किंवा शेतावर जायचा रस्ता नुसता खडीचा आहे, तर फॅटचा विचार नक्की करा. कोथरूड ते हिंजवडी असेल तर पुढे वाचा.

खड्ड्यांसाठी फॅट घेतोय असं बरेच जण म्हणतात. छोटे दणके ती खाते हे खरं, पण त्या टायरमधल्या हवेला शॉकअपसारखं दाबून धरायला काही नसतं, त्यामुळे वेगात मोठा खड्डा आला की सायकल चेंडूसारखी उसळते. शहरातल्या खड्ड्यांना २ ते २.४ इंची टायर आणि पुढच्या चाकाला बरा सस्पेन्शन फोर्क (शॉकअप असलेला चिमटा) पुरतो.

२. बॅटरीचा हिशोब स्वतः करा

जाहिरातीतली रेंज बाजूला ठेवा. व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर केलं की वॉट-आवर येतात, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. उदाहरणार्थ ३६ व्होल्ट आणि १०.४ अँपिअर-आवर म्हणजे साधारण ३७४. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता फक्त मोटरवर, सपाट रस्त्याला साधी ई-सायकल किलोमीटरला ढोबळमानाने १० ते १२ वॉट-आवर खाते, फॅट १५ ते २०. म्हणजे तीच बॅटरी साधीला ३०-३५ किलोमीटर नेते आणि फॅटला २०-२५. पेडल मारलंत तर दोघींची वाढेल, चढ लागला तर दोघींची कमी होईल, फरक मात्र राहणारच कारण रुंद टायर डांबरावर घासतो आणि वजनही जास्त.

आणि ते यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून ठरवू नका प्लीज. तिकडे ७५० वॉटपर्यंत मोटर चालते, आपल्याकडे लायसन्स आणि रजिस्ट्रेशनशिवाय चालवायची तर २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा आहे. तेवढ्याच मोटरला ३० किलोची सायकल ओढायला लावली की चढावर काय होतं ते टेस्ट राइडला कळेलच. दुकानदार म्हणाला "लिमिटर काढून देतो सर", म्हणजे वेगाची मर्यादा उठवून देतो, तर विषय तिथेच संपवा, मग ती कायद्याने सायकल राहत नाही आणि अपघात झाला तर निस्तरायला तो येत नाही.

३. उचलून बघा

ही स्टेप सगळे टाळतात. दुकानात सायकल दोन्ही हातांनी उचला आणि पाच-सहा पायऱ्या चढा, बॅटरीसकट. साधी साधारण १८ ते २४ किलो भरते, फॅट बहुतेकदा २८ च्या आसपास किंवा पुढे. लिफ्ट नसलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर निर्णय इथेच झाला. लिफ्ट असेल तरी आत मावते का मोजा, कारण फॅटचं हँडल पण रुंद असतं. ईमोटोराडच्या डूडलसारख्या २० इंची, घडी होणाऱ्या फॅट सायकली मिळतात, त्या जागा कमी खातात, पण घडी झाली म्हणजे हलकी झाली असं समजू नका. गाडीच्या कॅरियरवर न्यायची असेल तर त्याच्या खाचेत ४ इंची टायर बसतो का तेही विचारा, बहुतेक नाही बसत.

४. पंक्चरवाल्याला भेटा

दुकानाच्या आधी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जा आणि विचारा, २६ बाय ४ ची ट्यूब आहे का. बहुतेक ठिकाणी तो तुमच्याकडे बघत राहील. साधीची ट्यूब कुठल्याही सायकल मार्टात मिळते, फॅटची मागवावी लागते. त्यात मागच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर) असेल तर चाक काढायला वायरचा कनेक्टर सोडवावा लागतो, अ‍ॅक्सलचे मोठे नट उघडायला बरोबर मापाचा पाना लागतो आणि हे रस्त्यात, पावसात करायचंय. हा मोटरचा प्रकार दोन्ही सायकलींना लागू आहे, फॅटला ट्यूबचा प्रश्न वरून.

५. टेस्ट राइड, पण आधी हवा तपासून

साधीत ४० ते ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा असते, फॅटमध्ये रस्त्यावर १५ ते २० आणि सुक्या वाळूत ५ ते ८. जास्तीत जास्त किती भरायची तो आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो तो बघा. हवा कमी असलेली फॅट डांबरावर वळताना हँडल स्वतःच ओढते, फुल असेल तर उड्या मारते, म्हणून गेज लावून योग्य हवा भरून घेतल्याशिवाय राइड घेऊच नका. मग एवढं करा: मोटर बंद करून अर्धा किलोमीटर पेडल मारा, कारण बॅटरी कधीतरी रस्त्यात संपणारच आहे. एक चढ घ्या. स्पीडब्रेकरवरून न थांबता जा. जोरात ब्रेक दाबा, फॅटला डिस्क ब्रेक हवेतच, शक्य असेल तर हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे. आणि गुडघ्यांकडे लक्ष द्या, रुंद चाकामुळे फॅटची पेडल्स एकमेकांपासून लांब असतात, काहींना काही वाटत नाही, काहींचे गुडघे लगेच कुरकुरतात.

एवढं करूनही फॅटच आवडली तर बिनधास्त घ्या, पण त्याच बिलात दोन जादा ट्यूब, लो प्रेशर दाखवणारं गेज आणि पूर्ण रुंदीचे मडगार्ड लावून घ्या, नाहीतर जुलैत पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसला जाल. बीचवर फिरवली तर त्याच दिवशी बॅटरी काढून साध्या पाण्याने हळू धार सोडून धुवा, वॉशिंग सेंटरचा प्रेशरवाला पाइप मोटर आणि कनेक्टरजवळ अजिबात नाही, आणि चेन वाळली की तेल.