गणिताची पदवी आहे आणि ॲक्च्युरी व्हायचंय? या चुका टाळा

ॲक्च्युरी म्हणजे विमा, पेन्शन यांतल्या जोखमीचा गणिताने अंदाज काढणारा तज्ज्ञ. या वाटेवरची सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘माझं गणित पक्कं आहे, म्हणजे हे काम जमणारच’ असं धरून चालणं. सुरुवातीच्या परीक्षांना लागतं ते संभाव्यता, संख्याशास्त्र, थोडं कलनशास्त्र आणि चक्रवाढ व्याज. टोपॉलॉजीशी झुंजलेल्या मुलामुलींना त्यात घाबरण्यासारखं फार काही नाही.

अवघड भाग पुढे आहे. १८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्लिश गणितज्ञाने दाखवलं, की प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर घातांकी गतीने वाढतो. १८६० मध्ये मेकहॅमने त्यात वयावर अवलंबून नसलेलं एक स्थिर पद मिळवलं. सूत्र देखणं आहे, पण नोकरीत प्रश्न वेगळाच पडतो: या पॉलिसीधारकांना ते लागू होतं का? माहिती अपुरी असताना राखीव रक्कम, म्हणजे पुढचे दावे भागवायला बाजूला ठेवायचे पैसे, किती धरायची? आणि गणित न शिकलेल्या संचालकांना तो आकडा कसा पटवायचा? इथे सिद्धता मिळत नाही. ज्याची बाजू मांडता येईल असा अंदाज मिळतो. ज्यांचा जीव काटेकोर सिद्धतेतच रमतो, त्यांनी संशोधन किंवा अध्यापनाचा विचार आधी करावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक, हातातली नोकरी सोडून अभ्यासाला बसणं. पूर्ण पात्रता मिळायला कित्येक वर्षं लागतात आणि बहुतेक जण ती नोकरी सांभाळूनच मिळवतात. त्यामुळे आधी एकच पेपर देऊन पाहा. मात्र त्याआधी, जिथे काम करायचंय तिथे कोणत्या संस्थेची पात्रता चालते हे नक्की करा. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजचा ‘पी’ पेपर संभाव्यतेचा आहे: तीन तास, ३० बहुपर्यायी प्रश्न. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीजच्या ‘सीएस१’मध्ये लेखी भागाबरोबर ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा वापरून सोडवायचा भागही असतो.

पहिलाच पेपर गेला तर? गणिताच्या पदवीधरांचं घोडं बहुधा वेगापाशी अडतं. प्रत्येक सूत्र मुळापासून काढायची सवय वर्गात कौतुकाची असते, पण एका प्रश्नाला सरासरी सहाच मिनिटं असतात तिथे ती महागात पडते. सोसायटीच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्न मोफत आहेत. ते घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: संकल्पना, आकडेमोड की वेळ? दोन आठवड्यांत दुखणं कुठे आहे ते कळेल.

पेपर सुटले, तरी मुलाखतीला बोलावणं येत नाही? मग आणखी पेपर देत सुटू नका. अनुभव शून्य आणि परीक्षा ढीगभर, असा उमेदवार घेताना कंपन्या कचरतात. सुरुवातीच्या नोकरीसाठी एक-दोन पेपर अनेकदा पुरतात. उरलेला वेळ एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि एखाद्या छोट्या प्रकल्पाला द्या. खुल्या मृत्युदर-सारण्यांवरून विम्याचा हप्ता काढा आणि त्यामागची गृहीतकं दोन पानांत साध्या भाषेत लिहा. मुलाखतीत हीच दोन पानं बोलायला विषय देतात.

पगाराचे आकडे पाहताना ते फेलो, म्हणजे पूर्ण पात्रता मिळालेल्यांचे आहेत की नवशिक्यांचे, एवढं तपासा.

आणि फॉर्म भरण्याआधी या क्षेत्रातल्या दोघांशी बोला, एक हप्ते ठरवणारा, एक राखीव रकमा काढणारा. ‘काम कसं आहे?’ असं मोघम विचारू नका. मागच्या आठवड्यात नेमकं काय केलं, ते दिवसवार सांगायला लावा.