रिकव्हरी घसरली की कुणाशी कसं बोलायचं

सांगलीकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलात की लॅबचं काम हाताला लवकर बसतं. जड जाते ती सकाळची मीटिंग. रिकव्हरी, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचा टक्का किंवा उतारा, थोडी उतरली की लॅब म्हणते, बगॅसमधून (मिलमध्ये रस काढून उरलेल्या चोथ्यातून) साखर चाललीय. इंजिनिअरिंग म्हणतं, ऊसच शिळा. शेती विभाग म्हणतो, रात्री मिल बंद ठेवलीत म्हणून गाड्या यार्डात वाळल्या. बऱ्याचदा तिघंही खरं बोलत असतात, हीच पंचाईत.

हा वाद मानापमानाचा वाटतो, पण मागे पैसा असतो. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. त्यामुळे आवाज चढणारच.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली मळी, म्हणजे साखर काढून उरलेला पाक, बघा. तिची प्युरिटी, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांतला साखरेचा वाटा, वाढली असेल, तर साखर आपल्याच पॅनवर, म्हणजे पाक शिजवतो तिथं, हुकतेय. मिलवाल्यांशी भांडायचं कारणच नाही. पहिल्या रसाची प्युरिटी पडली असेल तर उसाकडे वळा. बगॅसचा पोल, म्हणजे त्यात राहिलेली साखर, चढला असेल तरच मिलवर जा, आणि जा म्हणजे खरोखर चालत जा. मीटिंगमध्ये एमडींसमोर ‘तुमचं एक्स्ट्रॅक्शन (रस काढणं) घसरलं’ म्हटलंत, तर मिलचा माणूस पुढे हंगामभर तुम्हाला नीट उत्तर देणार नाही.

इंबिबिशन म्हणजे चोथ्यात राहिलेली साखर काढायला त्यावर सोडलेलं पाणी. मी शेवटच्या मिलजवळ जाऊन मिलवाल्याला एवढंच विचारतो, “अण्णा, बारानंतर पोल चढलाय. इंबिबिशनचं पाणी कमी केलंवतं का?”

“केलंवतं की. बगॅस ओलं यायला लागलं, बॉयलरचं प्रेशर पडाय लागलं. तुम्हाला साखर दिसतीय, मला स्टीम बघाय लागतीय.”

इथून पुढे चूक कुणाची हा प्रश्नच उरत नाही. पाणी किती ठेवायचं एवढंच ठरवायचं असतं, आणि ते पाच मिनिटांत ठरतं.

शेती विभागाशी बोलताना जास्त सांभाळावं लागतं, असं माझं मत. त्यांच्या डोक्यावर सभासद बसलेला असतो, तोडणीच्या टोळ्या अर्ध्यात निघून जातात. कृष्णा-वारणाकाठचा बुडालेला ऊस आधी तोडला नाही, तर लोक ऑफिसच्या दारात येतात. त्यांच्यापुढे लॅब रिपोर्ट नाचवू नका. ऊस कुठल्या गटातला, लागण कधीची, तोड कधी झाली, हे विचारा. २६५ ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची उसाची जात टनेज चांगलं देते, पण पिकते उशिरा. हंगामाच्या सुरुवातीलाच आली तर उतारा कमीच लागणार. हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं. तुम्ही विचारलंत की पुढच्या आठवड्याचा तोडणी कार्यक्रम तेच उघडून दाखवतात.

ठरलेलं शिफ्टच्या लॉगबुकात दोन ओळींत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. रात्रपाळीला हे विषय फोनवर काढू नका. मिलच्या आवाजात माणूस ओरडूनच बोलतो. नव्या पोराला वाटतं, साहेब चिडले.