डिस्ट्रिब्युटेड स्विचवर जाताना एक केबल मागे ठेवा

ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारा व्हीएमवेअरचा सर्व्हर, स्टँडर्ड स्विचवरून (त्या एकाच होस्टचा सॉफ्टवेअर स्विच) डिस्ट्रिब्युटेडवर (अनेक होस्टना मिळून एकच) नेताना दोन्ही नेटवर्क कार्डं एकदम हलवू नका. आधी फक्त एक कार्ड, व्हीएमनिक१, नव्या स्विचला द्या, दुसरं, व्हीएमनिक०, जुन्यावरच राहू दे. मग पिंग चालू ठेवूनच व्हीएमके०, म्हणजे मॅनेजमेंटचा पोर्ट हलवा. पिंग टिकला तर व्हीएम, आणि सगळ्यात शेवटी उरलेलं कार्ड.

घोटाळा बहुतेकदा व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या विभागाच्या क्रमांकात होतो. जुन्या पोर्ट ग्रुपवर (स्विचवरच्या एकाच सेटिंगच्या पोर्टांचा गट) समजा २० लिहिलेलं असतं, नव्यावर ते भरायचं राहून जातं, आणि होस्ट गायब! व्हीस्फिअर (व्हीएमवेअरची ही सगळी प्रणाली) ५.१ पासून अशा वेळी बदल आपोआप मागे फिरतो खरा, पण मी तरी त्याच्या भरवशावर राहत नाही. होस्टचा कन्सोल उघडा ठेवतो. तिथे एफ२ दाबून आत गेलं की स्टँडर्ड स्विच परत आणायचा पर्याय मिळतो.

व्हीसेंटर, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर, स्वतःच याच होस्टवर व्हीएम म्हणून चालत असेल, तर त्याच्यासाठी इफेमरल बाइंडिंगचा एक पोर्ट ग्रुप आधीच करून ठेवा. व्हीसेंटर बंद पडलं तरी थेट होस्टवरून व्हीएम त्याला जोडता येतो. स्टॅटिक बाइंडिंगमध्ये ही सोय नाही.

वरच्या फिजिकल स्विचवर इथरचॅनल (अनेक केबल मिळून एकच जोडणी) बांधलेला असेल, तर मात्र एकेक कार्ड हलवायची ही युक्ती फसते. आधी तो सोडवून घ्या.