एआय कोड लिहितो, मग स्क्रम कशाला शिकायचं? सोलापुरातून नव्या मुलांसाठी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं भेटली की हल्ली एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. कोड एआयच लिहिणार असेल, तर स्क्रम, म्हणजे टीमने छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, आणि त्यातले स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा), स्टँडअप (रोजची पंधरा मिनिटांची बैठक), स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) हे सगळं कशाला शिकायचं? स्टोरी पॉइंट नाही शिकलात तरी काही बिघडत नाही. स्क्रमची अधिकृत पुस्तिका, म्हणजे स्क्रम गाईड, तिच्यात ते मुळात नाहीतच. पण छोटं काम हातात घेणं, ते लवकर दाखवणं आणि समोरचा जे बोलेल ते ऐकून बदल करणं, हे आता आधीपेक्षा जास्त लागतं.

स्क्रम ज्या विचारात मोडतं, त्या अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी मिळून लिहिला. तेव्हा कोड लिहिणं महाग होतं, म्हणून चुकीच्या गोष्टीवर महिनोन्‌महिने घालवू नका, असा त्यामागचा हिशोब. आता कोड स्वस्त झालाय. त्यामुळे चुकीची गोष्टही अर्ध्या तासात तयार होते, आणि ती दिसायला इतकी नीटनेटकी असते की कोणाला शंकाच येत नाही.

आमची टीम छोटी आहे. काही जण पुण्यात, काही सोलापुरात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही स्टॉक आणि माल पाठवणीचं सॉफ्टवेअर करतो. एका कार्डावर, म्हणजे एका कामाच्या चिठ्ठीवर, लिहिलं होतं, ‘माल पाठवला की शिल्लक कमी व्हावी.’ टीममधल्या एका नव्या मुलीने ते कार्ड एआय एजंटला, म्हणजे काम सांगितलं की स्वतःच कोड लिहिणाऱ्या टूलला, दिलं. जेवणाच्या सुट्टीआधी स्क्रीन, डेटाबेसचे बदल, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) सगळं तयार, आणि सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. डेमोला कारखान्याचे मालक दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, “चांगलंय की. पण साहेब, ह्यात सेकंड कुठं जातो?”

धागा सुटलेला, डाग पडलेला, कडा वाकडी झालेला टॉवेल म्हणजे सेकंड. तो या कारखान्यात वेगळा ठेवतात आणि डझनावर न विकता किलोवर विकतात. आमच्या स्क्रीनवर मात्र विणलेला सगळा माल एकाच ढिगात, डझनात. टेस्टने हे पकडलं नाही, कारण टेस्टही त्याच कार्डावरून त्याच टूलने लिहिल्या होत्या. कार्डातच सेकंड नव्हता, तर टेस्टमध्ये कुठून येणार?

तेव्हापासून कार्ड एजंटकडे जाण्याआधी त्यावर खऱ्या आकड्यांची उदाहरणं लागतात, आणि ती माणसानेच लिहायची. उदाहरणार्थ, १०० डझन विणले, त्यात ३ डझन सेकंड, ९० डझन फर्स्ट पाठवले, तर शिल्लक फर्स्ट ७ आणि सेकंड ३. ही ओळ लिहायला मालकांशी बोलावं लागतं, कारखान्यात जाऊन गठ्ठे कसे बांधतात ते बघावं लागतं. नव्या माणसाने आधी शिकावं ते हेच. सोलापूरच्या मुलांची इथे एक जमेची बाजू आहे. पूर्व भागात तेलुगू, शेजारी कन्नड, ऑफिसात मराठी हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. पुण्याहून आलेल्या सीनियरला जे कोणी सांगत नाही, ते तुम्हाला सांगतात.

दुसरा बदल रिव्ह्यूचा, म्हणजे कोड दुसऱ्या कोणीतरी वाचून तपासण्याचा. पूर्वी आमच्या कार्डं लावायच्या बोर्डावर ‘काम चालू’चा रकाना भरलेला असायचा, आता ‘रिव्ह्यू’चा भरतो. हजार ओळींचा पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवलेला कोडमधला बदल) आला की वाचणारा कंटाळतो आणि ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. सॉफ्टवेअर टीम कसं काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या गूगलच्या डोरा अहवालात २०२४ मध्ये असं दिसलं की एआयचा वापर वाढतो तशी सॉफ्टवेअर डिलिव्हरीची स्थिरता घटते. त्यामागे बदलांचे गठ्ठे मोठे होत असावेत, असा त्यांचा अंदाज. आमच्याकडे आता रिव्ह्यूचा रकाना भरला की नवं कार्ड उचलायचं नाही, आधी दुसऱ्याचं वाचायचं. ही कानबानची, म्हणजे एका वेळी हातात किती काम घ्यायचं याला मर्यादा घालणाऱ्या पद्धतीची, जुनीच युक्ती आहे, पण तिची खरी गरज आत्ता कळतेय.

अंदाज बांधतानाही सांभाळून. एआयची क्षमता तपासणाऱ्या मेटर (METR) या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमर घेऊन २४६ कामांवर प्रयोग केला. एआय वापरलं तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावर त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर उरकलं! ही माणसं स्वतःच्या ओळखीच्या, जुन्या कोडवर काम करत होती आणि टूल त्या वेळची होती, त्यामुळे हा आकडा सगळीकडे लावू नका. ‘पटकन झालं असं वाटतंय’ एवढ्यावर स्प्रिंट आखू नये, इतकं मात्र त्यातून नक्की घ्या.

स्टँडअपमधले ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न स्क्रम गाईडने २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले. तरी कॉलेजात अजून तेच पाठ करून घेतात. आमच्याकडे हल्ली नव्यांना विचारतो, “कालच्या कोडमधला कुठला भाग तुला अजून कळलेला नाही?” सुरुवातीला सगळे गप्प बसतात. मग एकदा कोणीतरी बोलतं आणि पंधरा मिनिटं पुरत नाहीत.

एक गोष्ट गोड करून सांगणार नाही. नव्या माणसाला पूर्वी जी सोपी कार्डं मिळायची, ती बरीचशी आता एजंटकडे जातात. हात बसवायची ती जागा आटली आहे आणि कंपन्यांनी त्यावर फारसा विचार केलेला मला तरी दिसत नाही. म्हणून कॉलेजात असतानाच ती स्वतः तयार करा. लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट बास झाला. नवी पेठेतलं कापड दुकान, काकांचे यंत्रमाग, गल्लीतलं मेडिकल, यातलं एक धरा. दर आठवड्याला एकच छोटी गोष्ट करून मालकाला दाखवा. एआय खुशाल वापरा, पण टेस्टची उदाहरणं हाताने लिहा आणि जी ओळ समजावून सांगता येत नाही ती ठेवू नका. कामगारांचं पगारपत्रक किंवा ग्राहकांचे फोन नंबर कुठल्याही फुकट चॅटमध्ये टाकू नका.

मुलाखतीत सर्टिफिकेटच्या आधी कमिटचा, म्हणजे कोडमध्ये वेळोवेळी नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास दाखवा. छोटे, रोजचे कमिट, आणि मालकाने नाही म्हटल्यावर काय बदललं ते. मग तुम्हीही विचारा, “तुमच्याकडे एआयने लिहिलेला कोड कोण वाचतं, आणि वाचायला वेळ स्प्रिंटमध्ये धरलेला असतो का?” उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, त्यावरून टीमचा अंदाज येतो.