बुबुळ बदलल्यानंतरचं वर्ष

आमच्या दादांच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं, जखमेत बुरशी वाढली आणि बुबुळावर फूल पडलं. ऑपरेशनसाठी ते सासवडहून आमच्याकडे धनकवडीला आले. पुढे औषधपाणी माझ्याकडेच होतं. ज्यांच्या घरी आता हे ऑपरेशन आहे, त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, या डोळ्यात रोपण टिकेल का? निरोगी बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून दात्याचं बुबुळ शरीर सहसा स्वीकारतं. केराटोकोनसमध्ये, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं त्या आजारात, निकाल फार चांगले येतात. जुन्या जखमेमुळे किंवा चुन्या-ॲसिडनं भाजून रक्तवाहिन्या आत शिरल्या असतील, तर धोका वाढतो. डोळ्याचा पडदा किंवा नस आधीच गेली असेल, तर नवं बुबुळ कितीही स्वच्छ असो, नजर येत नाही.

पट्टी निघाली की लगेच लख्ख दिसेल असं धरून चालू नका. पूर्ण जाडीच्या रोपणात केसाहून बारीक टाके वर्षभरसुद्धा ठेवतात. नंबर स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष जातं.

खरी मेहनत थेंबांची. हात साबणाने धुवा, खालची पापणी हलकेच ओढा, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता एकच थेंब सोडा. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरा. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या दुधी थेंबांची बाटली दर वेळी हलवायची, औषध तळाशी बसतं. बरं वाटतंय म्हणून स्टिरॉइड स्वतःहून कधीही बंद करू नका. मात्र स्टिरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि तो जाणवतही नाही, म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका.

रोज सकाळी दादा चांगला डोळा झाकून ठरलेल्या खुर्चीतून कालनिर्णयवरचे आकडे वाचायचे. तुम्हीही हे कराच. कालच्यापेक्षा धूसर दिसलं, डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा कुसळ गेल्यासारखं टोचलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टोचणं म्हणजे टाका सैल झालेला असू शकतो आणि तिथून जंतू शिरतात.

झोपताना डोळ्यावर शील्ड, दुचाकीवर गॉगल. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर गुलालात अजिबात नको, कितीही हट्ट केला तरी.

आणि रविवार आहे, सोमवारी बघू, असं करू नका. शरीर बुबुळ नाकारू लागलं तरी लवकर उपचार मिळाले तर बरेचदा ते वाचतं.